द्राक्षातला १२२

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपला गेलेले द्राक्षांचे कंटेनर तिकडे पोहोचले आणि अडकून पडले. कारण होते क्लोरमेक्वॅट क्लोराईड, म्हणजे नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या तोंडचे 'सीसीसी'. खरड छाटणीनंतर वेलीची शेंडावाढ आवरावी आणि काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून हे वाढरोधक वापरले जाई. गव्हाचे ताट आखूड राहावे, वाऱ्यापावसात पीक लोळू नये म्हणून युरोपातले शेतकरीही हेच रसायन फवारतात आणि गव्हासाठी तिथली मर्यादा बरीच सैल आहे. द्राक्षावर मात्र तिथे त्याचा वापर मान्य नव्हता. त्यामुळे द्राक्षासाठीची कमाल मर्यादा अगदी तळाला, किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमवर ठेवलेली होती.

०.०५ मिलिग्रॅम म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम. एका कंटेनरमध्ये २० टन द्राक्षे मावतही नाहीत. युरोपातल्या प्रयोगशाळांनी त्यापेक्षा जास्त सीसीसी सापडल्याचे कळवले, माल थांबला, दर कोसळले आणि कोट्यवधी रुपयांचे नुकसान झाले.

हा माल न तपासता गेलेला नव्हता. युरोपला द्राक्षे पाठवायची तर उर्वरित अंशाची तपासणी, शेतकऱ्यांच्या भाषेत 'रेसिड्यू रिपोर्ट', सक्तीची होती आणि ती झालेली होती. इथल्या आणि तिथल्या प्रयोगशाळांमधली यंत्रेही साधारण एकाच जातीची होती. एकाच द्राक्षात एका प्रयोगशाळेला जे दिसले ते दुसरीला दिसले नाही, हे कसे? याचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी ते यंत्र नेमके काय करते हे पाहावे लागते. त्याचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर, मराठीत वस्तुमान वर्णपटमापक.

हे यंत्र रेणूचे वजन करते. क्लोरमेक्वॅटच्या एका रेणूचे वजन किलोत लिहायचे तर दशांश चिन्हापुढे २४ शून्ये देऊन मग २ लिहावे लागेल. एवढी हलकी वस्तू पारड्यात ठेवता येत नाही. म्हणून तिला आधी विद्युतभार देतात आणि मग ढकलतात. विद्युतभार नसलेला रेणू विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाही. भार आला की तो आयन होतो आणि क्षेत्र नेईल तिकडे जातो. ढकल सर्वांना सारखी बसली, तरी हलका आयन सहज वळतो आणि जड आयन कमी वळतो. सुपात धान्य पाखडताना फोलपट पुढे उडते आणि दाणा मागे राहतो, तशी ही वजनावरून होणारी निवड आहे. यंत्राला कळते ते खरे तर वजन आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर. लहान रेणूंवर बहुधा एकच भार असतो, त्यामुळे गुणोत्तराचा आकडा तोच वजनाचा आकडा ठरतो. हे वजन ज्या एककात मोजतात त्यात साधा हायड्रोजन अणू साधारण १, कार्बन १२, नायट्रोजन १४ आणि ऑक्सिजन १६ भरतो.

हे सारे निर्वात पोकळीत चालते. साध्या हवेत रेणू मिलिमीटरचा १५ हजारावा भाग पुढे सरकतो न सरकतो तोच दुसऱ्या रेणूवर आदळतो. अशा गर्दीत कुणाची वाट कुणामुळे वळली हे कळणार नाही. म्हणून यंत्रातले पंप रात्रंदिवस हवा उपसत असतात. मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताच जी घरघर ऐकू येते ती या पंपांची.

या यंत्राचा जन्म केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतला. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन १९१२ च्या सुमारास निऑन वायूचे धनभारित कण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून सोडून फोटोच्या काचेवर त्यांचा माग उमटवत होते. निऑनचा अणुभार २०.२ आहे हे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. काचेवर मात्र २०.२ च्या जागी काहीच नव्हते. एक ठळक रेघ २० ला होती आणि एक फिकी रेघ २२ ला. थॉमसन यांचे सहायक फ्रान्सिस अॅस्टन या फिक्या रेघेच्या मागे लागले. मध्ये पहिले महायुद्ध आले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्यांनी कितीतरी अधिक नेमके यंत्र बांधले आणि निऑन हे दोन वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे मिश्रण आहे हे दाखवले. एकाच मूलद्रव्याच्या, एकाच रासायनिक स्वभावाच्या, पण वेगळ्या वजनाच्या अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. अॅस्टन यांनी पुढे दोनशेहून अधिक समस्थानिक शोधले. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

निऑनपाठोपाठ त्यांनी क्लोरीन तपासला. क्लोरीनच्या ३५.४५ या अपूर्णांकी अणुभाराने एकोणिसाव्या शतकापासून रसायनशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. अॅस्टनच्या यंत्राने दाखवले की ३५.४५ वजनाचा क्लोरीन अणू जगात एकही नाही. आहेत ते ३५ चे आणि ३७ चे, साधारण तिनास एक या प्रमाणात. सरासरी काढली की ३५.४५ येते.

क्लोरीनचे हे तिनास एक प्रमाण पुढे द्राक्षाच्या कामी येते. क्लोरमेक्वॅटच्या रेणूत कार्बनचे पाच अणू, हायड्रोजनचे तेरा, नायट्रोजनचा एक आणि क्लोरीनचा एक. बेरीज करून पाहा: ६०, १३, १४ आणि ३५ मिळून १२२. पण दर चार रेणूंमागे साधारण एकात ३७ चा क्लोरीन असणार आणि त्याचे वजन १२४ भरणार. म्हणजे नमुन्यात क्लोरमेक्वॅट असेल तर यंत्राच्या पडद्यावर १२२ ला एक उंच शिखर दिसले पाहिजे आणि १२४ ला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे दुसरे. क्लोरीन असलेला रेणू ही खूण लपवू शकत नाही.

तरीही १२२ हा आकडा म्हणजे क्लोरमेक्वॅट नव्हे. सिस्टीन हे अमिनो आम्ल प्रत्येक सजीवाच्या प्रथिनांत असते. त्याचे वजन १२१. यंत्रात जाताना त्याला हायड्रोजनचा एक धनभारित कण चिकटतो आणि तेही १२२ लाच उभे राहते. फेनएथिलअमाइन नावाच्या आणखी एका नैसर्गिक पदार्थाची हीच गत. सिस्टीनमध्ये क्लोरीन नाही, गंधक आहे, त्यामुळे त्याचे १२४ चे शिखर अगदीच खुजे असते. पण द्राक्षाच्या रसात शेकडो पदार्थ एकमेकांवर चढलेले असतात. तिथे एका शिखराच्या उंचीवर विसंबून कुणाचा कंटेनर अडवता येत नाही आणि सोडताही येत नाही.

इथे दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे वजन आणखी बारकाईने करणे. अणूंची वजने तंतोतंत पूर्णांकात नसतात. अणुकेंद्रक बांधले जाताना थोडे वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने निघून जाते आणि किती जाते हे प्रत्येक अणूचे वेगळे. हा बारीक फरकही अॅस्टन यांनीच पद्धतशीर मोजला होता. त्यामुळे चार दशांश स्थळांपर्यंत पाहिले की तिघे वेगळे होतात: सिस्टीन १२२.०२७०, क्लोरमेक्वॅट १२२.०७३१ आणि फेनएथिलअमाइन १२२.०९६४. एवढी बारकाई दाखवणारी यंत्रे आज आहेत. त्यांतली काही आयनांची शर्यत लावतात. सर्वांना सारखी ऊर्जा देऊन एका लांब नळीत सोडायचे आणि पोहोचायला लागलेला वेळ मोजायचा. वीस हजार व्होल्टने ढकललेला १२२ वजनाचा आयन सेकंदाला सुमारे १७८ किलोमीटर वेगाने निघतो आणि एक मीटर अंतर साडेपाच मायक्रोसेकंदांच्या आसपास पार करतो. त्याच्या चौपट वजनाच्या आयनाला दुप्पट वेळ लागतो. वेळ कळली की वजन कळले.

दुसरी वाट रेणू फोडण्याची. रेसिड्यू तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा याच वाटेने जातात.

त्यासाठीच्या यंत्रात एकामागे एक तीन कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात चार समांतर दांड्यांवर स्थिर आणि वेगाने बदलणारा असे दोन्ही विद्युतदाब एकाच वेळी देतात. त्या दांड्यांमधून ठरवलेल्या वजनाचाच आयन सरळ पार होतो, बाकीचे भरकटून दांड्यांवर आपटतात. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग पॉल यांची. आयन पकडून ठेवण्याच्या तंत्राबद्दल त्यांना १९८९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पहिल्या कप्प्यातून १२२ वाले आयन तेवढे पुढे येतात. दुसऱ्या कप्प्यात आर्गॉन किंवा नायट्रोजन थोडासा भरलेला असतो. त्याच्या रेणूंवर आदळून आयन फुटतात. तिसरा कप्पा तुकड्यांचे वजन करतो.

रेणू वाटेल तसा फुटत नाही. त्यातले कमकुवत बंध आधी तुटतात आणि त्याच परिस्थितीत तो पुनःपुन्हा तसाच तुटतो. क्लोरमेक्वॅटचा १२२ फुटला की ५८ आणि ६३ वजनाचे तुकडे मिळतात. आता १२४ घ्या, म्हणजे ज्यात जड क्लोरीन आहे ते रेणू. तेही फोडले. त्यांच्यातूनही ५८ चा तुकडा निघतो, पण ६३ च्या जागी ६५ येतो. याचा अर्थ ५८ च्या तुकड्यात क्लोरीन नाही, म्हणून त्याचे वजन बदलले नाही. ६३ च्या तुकड्यात क्लोरीन आहे, म्हणून ते दोनने वाढले. ५८ म्हणजे तीन कार्बन, आठ हायड्रोजन, एक नायट्रोजन. ६३ म्हणजे दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि क्लोरीन. रेणू कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी त्याचा क्लोरीन कोणत्या टोकाला आहे आणि नायट्रोजन कोणत्या, हे वजनांच्या वजाबाकीवरून सांगता येते. मास स्पेक्ट्रोमीटरच्या सगळ्या करामतींत ही वजाबाकी सर्वांत देखणी आहे. सिस्टीनचा १२२ फोडून असे तुकडे मिळणार नाहीत.

मुळात हा रस थेट यंत्रात ओतत नाहीत. आधी तो एका बारीक स्तंभातून जातो. स्तंभातल्या भुकटीला काही पदार्थ जास्त चिकटतात, काही कमी, त्यामुळे प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो. म्हणजे ओळख पटवायला आणखी एक पुरावा मिळतो: तो बाहेर किती मिनिटांनी आला. युरोपात पाळल्या जाणाऱ्या नियमांनुसार ही वेळ शुद्ध नमुन्याच्या वेळेशी ०.१ मिनिटाच्या आत जुळावी लागते, किमान दोन तुकडे दिसावे लागतात आणि त्या दोन तुकड्यांच्या प्रमाणातला फरक ३० टक्क्यांच्या आत असावा लागतो. वेळ, मूळ वजन, तुकडे आणि त्यांचे प्रमाण हे सगळे जुळले तरच 'सापडले' असे म्हणायचे.

आणि किती सापडले? द्राक्षातली साखर, आम्ले आणि रंगद्रव्ये आयन तयार होण्याच्या आड येतात आणि आकडा कमी दिसू शकतो. त्यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा फार हुशारीचा आहे. क्लोरमेक्वॅटच्या रेणूतले चार हायड्रोजन काढून तिथे दुप्पट वजनाचा ड्युटेरियम बसवायचा. असा रेणू १२६ ला दिसतो, पण बाकी वागणूक हुबेहूब १२२ सारखी. दळलेल्या द्राक्षात तो सुरुवातीलाच मोजून टाकतात. वाटेत खरा क्लोरमेक्वॅट जेवढा हरवेल त्याच प्रमाणात हाही हरवतो. शेवटी १२२ आणि १२६ यांची तुलना केली की खरे प्रमाण कळते, वाटेत कितीही गळती झालेली असो.

एवढे नेमके यंत्र असताना २०१० मध्ये इथे सीसीसी का दिसले नाही?

द्राक्षाचा रेसिड्यू तपासताना घड मिक्सरमध्ये दळून त्याचा लगदा करतात, तो मोजून घेतात, त्यात इथाइल अॅसिटेटसारखा द्रावक घालून जोरात हलवतात. बहुतेक कीडनाशके आणि बुरशीनाशके पाण्यातून निघून द्रावकात येतात. मग तो द्रावक वेगळा करून, साफ करून यंत्राकडे पाठवतात. एकाच खेपेत शंभरावर रसायने तपासण्याची ही पद्धत चांगली आहे आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तिच्यावर मोठे काम केले आहे. पण क्लोरमेक्वॅट हा मिठासारखा पदार्थ. त्याच्यावर कायमचा धनभार असतो आणि त्याला पाणी आवडते. इथाइल अॅसिटेटने कितीही बोलावले तरी तो पाण्यातच मागे राहतो. नेहमीच्या स्तंभातही तो थांबत नाही, सगळ्यांच्या आधी निघून जातो. त्याला काढायला आम्लयुक्त मिथेनॉल लागते आणि स्तंभही वेगळा लागतो. यंत्राच्या बाजूने पाहिले तर हा सर्वांत सोपा रेणू, कारण त्याला भार द्यावाच लागत नाही, तो भार घेऊनच येतो. पण तो यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हता.

दुसरे कारण अधिक साधे. तीन कप्प्यांचे हे यंत्र समोर येईल ते सगळे पाहत नाही. कोणते वजन आत घ्यायचे आणि कोणता तुकडा मोजायचा याची यादी त्याला आधी द्यावी लागते. सेकंदाच्या शतांशाएवढ्या अवधीत ते एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर उडी मारते आणि यादीबाहेरच्या आयनांना दारातच परतवते. इथल्या तपासणीच्या यादीत त्या वेळी सीसीसीचे नाव नव्हते. युरोपातल्या प्रयोगशाळा ते धान्यात आणि नासपतीत नेहमी शोधत असत, म्हणून त्यांनी ते द्राक्षातही शोधले. पुढे इथल्या यादीतही ते आले. यंत्र दोन्हीकडे सारखेच सक्षम होते. चूक यादीत होती, आणि यादी माणसे करतात. शेतात काय फवारले जाते हे ज्यांना माहीत होते आणि प्रयोगशाळेत काय शोधायचे हे जे ठरवत होते, त्यांच्यातला संवाद तोकडा पडला, हाच त्या प्रकरणाचा खरा निष्कर्ष आहे.

काय शोधायचे हेच माहीत नसेल, तेव्हाची पद्धत निराळी. विषबाधा, संशयास्पद पावडर, अत्तराचा नमुना अशा ठिकाणी पदार्थाची वाफ करतात आणि तिच्यावर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी हा ७० चा आकडा ठरवून घेतला आहे. त्यामुळे पुण्यात फोडलेला रेणू आणि टोकियोत फोडलेला रेणू सारख्याच तुकड्यांत फुटतो. चहातल्या कॅफीनचे वजन १९४. मारा झाल्यावर त्याचा नमुना १९४, १०९, ८२, ६७ आणि ५५ या आकड्यांवर शिखरे दाखवतो आणि ती कुठल्याही देशातल्या चहात तीच असतात. अशा तीन लाखांहून अधिक संयुगांच्या नोंदी अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेच्या संग्रहात आहेत. संगणक नवा नमुना त्या नोंदींशी ताडून पाहतो आणि जवळची नावे सुचवतो. सुचवतो एवढेच. शेवटचा शब्द त्या पदार्थाचा शुद्ध नमुना त्याच यंत्रात घालून तपासल्यावरच उच्चारायचा असतो.

कारण काही वेळा वजन आणि तुकडे दोन्ही फसवतात. २०२० मध्ये भारतातून युरोपला गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साईड सापडले आणि तिथे मोठी खळबळ उडाली. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर इथे भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांवर हाच आक्षेप आला. मसाल्यातले जंतू मारायला वापरला जाणारा हा वायू कर्करोगकारक आहे, त्यामुळे आक्षेप गंभीरच. पण त्याच्या रेणूत दोन कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन आहे, आणि अॅसिटाल्डिहाइडमध्येही नेमके तेवढेच अणू आहेत. अॅसिटाल्डिहाइड पिकलेल्या फळांत आणि आंबवलेल्या पदार्थांत आपोआप तयार होते. दोघांचे वजन ४४, आणि चार काय, दहा दशांश स्थळांपर्यंत मोजले तरी तेच. फोडले तर दोघांतूनही २९ आणि १५ चे तुकडे निघतात. इथे तराजू हात टेकतो. निवाडा करतो तो स्तंभ: दोघे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले तरच कोण कोणता ते ठरते, आणि स्तंभ नीट निवडला नसेल तर निरपराध माल दोषी ठरू शकतो.

याउलट काही भेसळी अशा की त्या रेणूच्या वजनातून कळणारच नाहीत, समस्थानिकांच्या हिशेबातून मात्र कळतात. मधात उसाची साखर मिसळली तर साखर ती साखरच. पण ऊस आणि मका हवेतला कार्बन डायऑक्साईड बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या जैवरासायनिक मार्गाने पकडतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत १३ वजनाच्या जड कार्बनचे प्रमाण किंचित जास्त असते. मध जाळून त्यातल्या कार्बनची १२ आणि १३ अशी विभागणी मोजतात. मग त्याच मधातली प्रथिने वेगळी काढून त्यांचीही मोजतात. भेसळ करणारा साखर ओततो, प्रथिने ओतत नाही. दोन्हींच्या आकड्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत निघाली की मध खोटा. उत्तेजके घेणारे खेळाडूही याच युक्तीने पकडले जातात, कारण कारखान्यातले टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनते आणि त्यातला कार्बन शरीराने स्वतः बनवलेल्या टेस्टोस्टेरॉनपेक्षा हलका निघतो. भेसळखोरही शिकले आहेत. तांदूळ उसाच्या मार्गाने जात नाही, म्हणून ते आता तांदळाच्या साखरेचा पाक वापरतात आणि ही चाचणी चुकवतात.

प्रथिनांसारखे अवजड रेणू बराच काळ या यंत्राच्या आवाक्याबाहेर होते. वाफ करायला जावे तर ते करपून जात. क्योतोच्या शिमाद्झू कंपनीतले अभियंता कोइची तानाका यांनी १९८५ मध्ये कोबाल्टच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले. महागडी भुकटी टाकून देण्याऐवजी त्यांनी ती तशीच वापरली, लेसरचा झोत सोडला आणि रेणू अखंड उडालेले दिसले. अमेरिकेत जॉन फेन यांनी निराळी वाट काढली: बारीक सुईतून द्रावण सोडायचे, सुईला काही हजार व्होल्ट द्यायचे, भारित थेंब उडतात, सुकत सुकत लहान होतात आणि शेवटी भारासह रेणू उरतो. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. द्राक्षाचा रस यंत्रात जातो तो आज फेन यांच्याच पद्धतीने.

या दोन पद्धतींमुळे हे यंत्र रुग्णालयांत आले. मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आता जंतूंची वसाहत लेसरखाली ठेवून तिच्या प्रथिनांच्या वजनांवरून जंतूचे नाव काही मिनिटांत काढतात. पूर्वी याला एक-दोन दिवस लागत. त्याहून मोलाचा उपयोग तान्ह्या बाळांसाठी आहे. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर सुकवतात आणि त्यात काही डझन पदार्थ एकाच खेपेत मोजतात. फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल १६६ ला दिसते आणि फुटून १२० चा तुकडा देते. ते रक्तात साचत असेल तर बाळाच्या मेंदूला इजा होते, पण पहिल्या काही आठवड्यांत आहार बदलला तर ती टाळता येते. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांची अशी तपासणी सरकारी पातळीवर सुरू केली होती. लक्षणे दिसू लागेपर्यंत थांबणे या आजारात परवडत नाही, म्हणून अशी तपासणी देशभर प्रत्येक बाळाच्या वाट्याला यायला हवी.

हे यंत्र चंद्रापर्यंतही पोहोचले आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ पासून सुटून चंद्रावर आदळलेल्या मून इम्पॅक्ट प्रोबमध्येही 'चेस' नावाचा छोटा मास स्पेक्ट्रोमीटर होता. उतरतानाच्या पंचवीसेक मिनिटांत त्याने चंद्राभोवतीच्या अतिविरळ वायूंची वजने मोजली आणि १८ या आकड्यावर, म्हणजे पाण्याच्या वजनावर, नोंद मिळाली. तिथे निर्वात आधीपासूनच होता, पंपांची फारशी गरज नव्हती. पण यानाने पृथ्वीवरून आपल्याबरोबर नेलेला ओलावाही १८ लाच दिसतो. त्यामुळे असा आकडा हाती आल्यावर यानातून झिरपणाऱ्या ओलाव्याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

द्राक्ष, हळद, दूध, मध किंवा विहिरीचे पाणी, कशाचाही रिपोर्ट हातात आला आणि त्यावर 'आढळले नाही' किंवा 'बीएलक्यू' लिहिलेले असेल, तर कागद उलटून पुढचे पान पाहावे. कोणकोणती रसायने तपासली याची यादी तिथे असते आणि प्रत्येकापुढे यंत्राला मोजता येणारी किमान मात्राही दिलेली असते. 'बीएलक्यू' म्हणजे त्या मात्रेपेक्षा कमी, शून्य नव्हे. ती मात्रा कायद्याच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तर रिपोर्टचा उपयोग नाही. आणि बागेत जे फवारले आहे त्यातले एखादे नाव यादीत नसेल, तर नमुना देतानाच ते प्रयोगशाळेला लेखी कळवा आणि त्याची वेगळी तपासणी मागून घ्या.